मुखत्यारपत्र आहे ना, मग कोर्ट कशाला?

गेल्या गणपतीतली गोष्ट. गौरी-गणपती गेले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दोघं भावंडं माझ्यासमोर येऊन बसली, एकमेकांकडे न बघता. नावं लिहीत नाही, तपशीलही थोडे बदललेत, रत्नागिरी आणि राजापूरच्या मधलं एखादं गाव समजा. दादा गावात राहतो, आंब्याची कलमं बघतो. ताई डोंबिवलीला. वडिलांना, म्हणजे अण्णांना, फेब्रुवारीत मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हापासून ते अंथरुणावर, नाकात नळी, डोळे उघडे असतात पण ओळख नाही. आई पंचाहत्तरीची.

ताईचं म्हणणं एवढंच होतं की एप्रिलात बागेचे 1 लाख 80 हजार व्यापाऱ्याने दिले ते दादाच्या खात्यावर का गेले?

दादा उसळलाच. "मॅडम, मी काय चोर आहे का हो? अण्णांनी 2019 ला स्वतः रजिस्टर ऑफिसात येऊन मला कुलमुखत्यारपत्र करून दिलंय. आणि ही म्हणते कोर्टात जाऊया! वाडीत तोंड दाखवायला नको मला?"

हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-पाचदा तरी येतोच, कधी मुलगा विचारतो, कधी सून, कधी पुतण्या. कागद, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारं मुखत्यारपत्र, आहे ना, मग कोर्ट कशाला. आणि कोर्ट म्हटलं की आपल्याकडे डोक्यात येतं ते भाऊबंदकीचं कोर्ट, तीन पिढ्या चालणारं, त्यामुळे माणूस आधीच बिथरतो.

मी वकील नाही, पण हे इतक्या वेळा बघितलंय की पाठ झालंय. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणारा माणूस भानावर असेपर्यंतच ते चालतं. 1872 चा करार कायदा आहे, त्याच्या कलम 201 प्रमाणे देणारा वारला किंवा त्याला समज राहिली नाही की मुखत्यारी संपली, कागद रजिस्टर असो नाहीतर सोन्याने मढवलेला असो. ऐकायला उफराटं वाटतं, कारण गरज लागते नेमकी तेव्हाच तो कागद जातो. पण अण्णा धड होते तेव्हा तुम्हाला कधीही विचारू शकत होते, बाबा रे हिशोब दाखव, नाही पटलं तर कागद रद्द करू शकत होते. आता विचारणार कोण?

ताई म्हणाली, तिचा दीर लंडनला आहे, तिकडे असा कागद करता येतो म्हणे जो माणसाला समज राहिली नाही तरी चालतो. खरंय ते. लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी म्हणतात. पण तो कागद तिथे पब्लिक गार्डियनच्या ऑफिसात नोंदवावा लागतो, आणि गडबड वाटली तर कोर्ट ऑफ प्रोटेक्शन हिशोब मागवतं, कागद रद्दसुद्धा करतं. दादा मधेच, "म्हणजे गोऱ्यांचाही पोरांवर विश्वास नाही तर." तेवढ्यावर जरा हसले दोघं, त्या दिवशी पहिल्यांदाच.

मग मी दादाला म्हटलं, तुमच्याकडे हिशोब आहे का? त्याने पिशवीतून शाळेतल्या पोरांची असते तशी दोनशे पानी वही काढली. फवारणी, राखण्याचा पगार, पेट्या, पेंढा, डायपर, नळी बदलायला येणाऱ्या ब्रदरचे पैसे, सगळं तारीखवार. काही पानांवर औषधाचं बिल टाचणीने लावलेलं, पावसात दमट होऊन टाचणी गंजलेली. ताई पानं उलटत गेली आणि गप्प झाली. पण मला खटकलं ते वेगळंच. त्याच वहीत दादाच्या मुलाची कॉलेजची फी होती, आणि मोटरसायकलचं सर्व्हिसिंग. अण्णांचे पैसे आणि दादाचे पैसे एका वहीत, एका खात्यात. तो चोर नव्हता हो, पण उद्या त्याला ते सिद्ध करता आलं नसतं.

आणि खातं एक का झालं, तर बँकेने अण्णांच्या खात्यातून पैसे द्यायला नकार दिला म्हणून. तेव्हा कोणीतरी सल्ला दिला होता की अण्णांचा अंगठा घ्या की कागदावर. दादाने घेतला नाही हे नशीब! समज नसलेल्या माणसाचा अंगठा घेऊन केलेला व्यवहार कायद्यात टिकतच नाही, वर फसवणुकीचा ठपका.

मग रस्ता उरतो तो एकच, समज नसलेल्या माणसाचे व्यवहार बघायला कोर्टाकडून पालक नेमून घ्यायचा. पूर्वी 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्यासाठी काही वेळा जिल्हा कोर्टाकडे जायची सोय होती, 2017 चा नवा कायदा आला त्यात मालमत्तेच्या पालकाचं प्रकरणच राहिलं नाही. म्हणून अशा केसेस हायकोर्टात जातात. केरळ हायकोर्टाने 2019 मध्ये कोमातल्या माणसासाठी रीत घालून दिली, मेडिकल बोर्डाची तपासणी, वारसांचं म्हणणं, आणि पालकाने दर सहा महिन्यांनी व्यवहारांचा रिपोर्ट द्यायचा. मुंबई हायकोर्टानेही 2020 मध्ये अशाच एका पेशंटच्या बायकोला पालक नेमताना राज्य विधी सेवा प्राधिकरणाला लक्ष ठेवायला सांगितलं.

"मुंबईला हेलपाटे?" दादाचा चेहरा पडला. नाही, 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचंच सर्किट बेंच, म्हणजे तिथे बसणारं खंडपीठ, सुरू झालंय, रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्यातच येतात, आंबा घाट चढलात की झालं. वकिलाच्या फीची काळजी होती तर मी रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं, कारण बाईमाणसाला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज आईच्या नावाने, दादा सहपालक. ताईने लगेच ना-हरकत लिहून दिली, ते मात्र मी सांगायच्या आधीच.

आदेश झाला. खातं वेगळं, जमीन विकायची तर आधी कोर्टाची परवानगी, आणि ठरल्या मुदतीत हिशोब. दादा वहीच्या पानांचे फोटो पाठवतो, ताई डोंबिवलीत रात्री एक्सेलमध्ये चढवते. पहिल्या रिपोर्टच्या आधी तिचा मला फोन, एक नोंद कळत नाही म्हणाली, दर महिन्याला "सेल 2 नग 40".

मी दादाला विचारलं. तो जरा लाजलाच. अण्णांच्या उशाशी रोज सकाळी रेडिओ लावतो म्हणे, रत्नागिरी आकाशवाणी, अण्णा आयुष्यभर बातम्या ऐकूनच चहा घ्यायचे.

"हे काढून टाकू का मॅडम? कोर्टाला काय वाटेल?"

मी म्हटलं, ताईला विचारा. तिने ती ओळ ठेवली, आणि पुढे स्वतःच टाईप केलं, रेडिओसाठी.