नवीन फोर बाय फोर घेतली आहे. सांगलीजवळ जंगलातून चालवायला सोपा कच्चा रस्ता कोणता?

चांदोली राष्ट्रीय उद्यान. पेठ नाक्यावरून शिराळा, कोकरूड, आरळा करत मणदूरला जा. पुढे झोळंबीच्या सड्याकडे (सडा म्हणजे खडकाळ पठार) वनखात्याचा कच्चा रस्ता जातो: लाल माती, मुरूम, मध्येच उघडा जांभा. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, ऑक्टोबरच्या मध्यानंतर उघडतं. हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, परवान्याशिवाय शिरलात तर थेट गुन्हा. स्वतःची गाडी सोडतात की त्यांच्याच गाडीतून जावं लागतं, हे निघण्याआधी वनखात्याला विचारा. नियम बदलत असतात.

खरं सांगू? कोरड्या दिवसांत त्या रस्त्यावर फोर बाय फोरचं फारसं काम पडत नाही. गाडी शिकायची असेल तर गावाकडची पाणंद गाठा. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीने अशा चाकोऱ्या पाडलेल्या असतात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. तिथे चाकं चाकोरीत न घालता एक उंचवट्यावर आणि एक कडेला ठेवून गाडी काढता आली, की निम्मं काम झालं. स्टेअरिंग धरताना अंगठे आत अडकवू नका. चाकाला दगड लागला की स्टेअरिंग झटका देतं आणि अंगठा मुरगळतो.

थार, जिम्नीसारख्या गाड्यांत कोरड्या डांबरावर फोर-एच (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगासाठी) लावून फिरू नका. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरायचं असतं, ते जमत नाही आणि सगळा ताण गिअरच्या भागांवर येतो. तीव्र उतारावर गाडी थांबवून फोर-एल (चारही चाकांना ताकद, पण कमी वेग आणि जास्त जोर), पहिला गिअर, क्लचवरचा पाय पूर्ण काढायचा. इंजिनच गाडी रोखून धरतं. मॅन्युअल असेल तर नवशिक्यांचा पाय हमखास क्लचवर जातो आणि गाडी सुटते. कच्च्यावर टायरची हवा पाच-सात पीएसआय कमी केली तर पकड चांगली मिळते; मात्र छोटा पंप जवळ हवाच, परत डांबरावर यायच्या आधी भरायला.

जंगलात गवा आडवा आला तर थांबा, इंजिन चालू ठेवा, हॉर्न अजिबात नको. तो जाईल त्याच्या सवडीने. आणि सड्यावर रस्ता सोडून गाडी घालू नका, कास पठारावर तर नाहीच नाही. तिथली माती खडकावर बोटभर असते, पावसाळी फुलं त्यातच उगवतात. रीलसाठी गोल गोल गाडी फिरवणाऱ्यांना दंड होतो तो कमीच आहे असं माझं मत.

टाकी शिराळ्यातच फुल्ल करा.