ताहिनीची बरणी आणि सुनेचं कॅल्शियम

प्रश्न : मुलगा दोह्याहून ताहिनीची बरणी घेऊन आला. वर बोटभर तेल तरंगतंय. खराब झाली का? सुनेनं वर्षभरापासून दूध-दही सोडलंय. ती म्हणते, यात दुधाहून जास्त कॅल्शियम असतं. मला कोलेस्टेरॉल आहे, नातू चार वर्षांचा. कोणी किती खावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, बरणी टाकू नका. ताहिनी म्हणजे भाजलेले तीळ बारीक वाटून केलेला लगदा. अरबीत ‘दळणे’ या धातूवरून हे नाव आलं. तिळात निम्मं तेलच असतं, ते वर येणारच. कोरड्या चमच्यानं तळापासून ढवळा. थोडी कडवट लागली तर काळजी नको, खवट वास आला तर मात्र फेका.

आता सूनबाईंचं. सालासकट १०० ग्रॅम तिळात साडेनऊशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, तो आकडा सगळीकडे फिरतो. पण बाजारातली बहुतेक ताहिनी साल काढलेल्या तिळाची असते आणि कॅल्शियमचा मोठा वाटा त्या सालातच असतो. शिवाय सालातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य ते कॅल्शियम नीट शोषू देत नाही. एका चमच्यावर भिस्त ठेवून दूध सोडलेल्या मुली माझ्याकडे येतात, तेव्हा जीव हळहळतो. सूनबाईंना नाचणीची भाकरी रोज करून द्या आणि त्यांचं बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते तिळात मुळीच नसतं.

तुमच्यासाठी : वनस्पतीत कोलेस्टेरॉल नसतं आणि तिळातली चरबी बहुतांशी असंतृप्त, म्हणजे चांगल्या जातीची. पण पोहे खायच्या मोठ्या चमच्यानं एक चमचा ताहिनीत, साधारण १५ ग्रॅममध्ये, ९० कॅलरी असतात. दिवसाला तेवढाच घ्या, आणि त्या दिवशी फोडणीचं तेल कमी करा.

नातवाबद्दल जरा थांबून सांगते. तिळाची ॲलर्जी असते, हे आपल्याकडे कुणाला पटत नाही. गेल्या संक्रांतीला एका लहानगीचे ओठ लाडू खाताखाताच सुजलेले मी पाहिले. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तिळाचा उल्लेख सक्तीचा आहे, तो उगाच नव्हे. नातू तिळगूळ आनंदानं खात असेल तर बिनधास्त द्या. आधी कधी गांधी उठल्या असतील, उलटी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाटवूही नका.

खायची कशी? वाटीत दोन चमचे ताहिनी, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ, आणि पाणी थेंबथेंब. आधी ती घट्ट गोळा होते, चमचा फिरेना होतो. हात थांबवू नका. थोडं आणखी पाणी पडलं की एकदम सैल, पांढरीशुभ्र होते. बीट-गाजराच्या कोशिंबिरीत दह्याऐवजी घाला, सूनबाई तुमच्याच पंगतीला जेवतील.