पोट्टा आर्मीत जातो म्हणते, पण रक्त बघून चक्कर येते

नमस्कार ताई,

तुमचा मुलगा बारावी सायन्सला, बायोलॉजी घेतलेला, कामठीच्या एनसीसी कॅम्पवरून आल्यापासून नामदेव जाधव नामदेव जाधव करत फिरतोय आणि तुम्हाला टेन्शन की हे बंदुकीचं वेड आलं कुठून, त्यात बोट कापलं तरी याला चक्कर.

त्याच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलात ते बरं केलं. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनियो नदी, मराठा लाइट इन्फंट्रीचा हा नामदेव जाधव, साधा कंपनी रनर म्हणजे निरोप पोचवणारा शिपाई, वरून मशीनगन आणि मॉर्टर चालू आणि तो एका जखमीला खोल पाण्यातून, सुरुंगांतून काढून आणतो, परत जातो, दुसऱ्याला आणतो. मग मशीनगनची ठाणी उडवली, व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळाला. पण ताई, पोरानं मशीनगनवर एकच ओळ लिहिलीय आणि जखमी कसे उचलले असतील यावर अख्खं पान! बंदुकीचं वेड कुठंय यात?

आर्मीत हेच काम करणारे लोक असतात, नर्सिंग असिस्टंट. बारावी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्लिश, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४०, वय साडेसतरा ते तेवीस, ट्रेनिंग लखनौला. जाहिरात आली की अटी परत वाचा, बदलतात. डॉक्टरच व्हायचं असेल तर नीट परीक्षा देऊन पुण्याचं एएफएमसी, म्हणजे लष्कराचं मेडिकल कॉलेज. पण ‘दवाखान्यातली सेफ नोकरी’ असं त्याच्या बाबांना सांगू नका हं, युनिटसोबत पुढे जावंच लागतं, धोका आहे तो आहेच.

चक्करचं म्हणाल तर मी स्वतः कॉलेजात रक्तदानाला जाऊन खुर्चीवरून खाली आलोय. ते भित्रेपण नाही, बीपी एकदम खाली येतं, अशा वेळी मांड्या-पोटऱ्या आवळून धरल्या की बरंच सावरतं, आणि सवयीनं कमी होतं. रेडक्रॉसचा फर्स्ट एड कोर्स लावून द्या, पट्टी बांधणं, दाबून रक्त थांबवणं हाताला बसू द्या, तिथेच कळेल झेपतं का. त्याआधी फॉर्मची घाई नको.

आणि अंग सैल सोडलेला माणूस खांद्यावर घ्यायची प्रॅक्टिस चुलत भावावर करतोय म्हणे, तर गादी टाकून कर म्हणावं, माझ्या भाच्यानं अंगणातल्या फरशीवर नाक फोडून घेतलं होतं.