भाच्याला फिजिक्स हवंय, भाऊजींना इंजिनिअर

प्रश्न: आम्ही मेलबर्नला असतो. माझी ताई पुसद तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. कापूस-सोयाबीन आणि थोडं ओलित, एवढीच शेती. भाचा अकरावी सायन्सला आहे. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा विहिरीत वाकून बघत त्याने मला विचारलं, "मामा, मोटर काठावर ठेवली तं पाणी काऊन नाई ओढत?" मला धड सांगता आलं नाही. त्याला फिजिक्सच शिकायचंय. भाऊजी म्हणतात, "बीएस्सी केलेले पोट्टे गावात नुसते फिरून राहिले, हा काय निराळं करीन?" जेईईच्या क्लासचे पैसे मी भरावेत, की त्याला सरळ इकडे बीएस्सीला आणावं?

उत्तर: आधी भाऊजींचं बोलणं ऐकून घ्या, ते खोटं नाही. तालुक्याच्या गावी बीएस्सीचं कॉलेज असतं, पण कित्येक ठिकाणी प्रॅक्टिकल म्हणजे मागच्या वर्षीच्या पोरांचं जर्नल उतरवणं. प्रकाशाच्या प्रयोगांत लागणारा सोडियमचा दिवा पेटलेला न बघताच मुलं फिजिक्सची पदवी घेऊन बाहेर पडतात. अशी पोरं रोज पारावर दिसत असतील, तर बापाने धास्ती का घेऊ नये? त्यांना "जमाना बदललाय" असं मेलबर्नहून फोनवर सांगू नका. कोणत्या वर्षी किती खर्च आणि पोराच्या हातात पैसा कधी, ते कागदावर मांडून द्या.

आता विहिरीचा प्रश्न. मोटर पाणी ओढतच नाही. ती पाइपातली हवा कमी करते आणि विहिरीतल्या पाण्यावर बसलेला हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब साधारण १,०१,३२५ पास्कल. त्याला पाण्याची घनता आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागलं की १०.३ मीटर येतात. अगदी निर्वात केलं तरी पाणी याच्या वर चढणार नाही, आणि प्रत्यक्षात गळती-घर्षण धरून सहा-सात मीटरलाच मोटर हात टेकते. म्हणून पाणी खाली गेलं की मोटर विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर उतरवावी लागते. पाण्यात बुडवलेल्या सबमर्सिबलला ही अडचण नाही, कारण ती खालून ढकलते. या कोड्याने गॅलिलिओला छळलं होतं आणि त्याचा शिष्य टॉरिसेली याने १६४३ च्या सुमारास पाण्याऐवजी पारा घेऊन ते सोडवलं. ७६ सेंटिमीटरचा पाऱ्याचा स्तंभ पाठ्यपुस्तकात आला तो तिथून.

हे उत्तर मात्र भाच्याला आयतं पाठवू नका. त्याला एवढंच विचारा: हीच मोटर चिखलदऱ्याला नेली तर? तिथली उंची अकराशे मीटरच्या आसपास, हवा विरळ, त्यामुळे १०.३ ची मर्यादा मीटरभराहून अधिक खाली येते. तो कागद-पेन्सिल घेऊन बसला, आकडा चुकला तरी पुन्हा मांडला, तर ओढ खरी समजा. कृष्णविवरांचे व्हिडिओ रात्रभर बघणारी आणि गणित आलं की उठून जाणारी मुलंही पुष्कळ असतात. ती वाईट नसतात, पण फिजिक्सच्या पदवीत निम्म्याहून अधिक वेळ गणिताशीच झटावं लागतं, हे अकरावीतच कळलेलं बरं.

ओढ खरी निघाली तर पहिलं दार आयसर, म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था. २००६ मध्ये पुणे आणि कोलकात्यापासून सुरुवात झाली, आता देशात अशा सात संस्था आहेत. पाच वर्षांचा बीएस-एमएस (बीएस्सी-एमएस्सी एकत्र), पहिली दीड-दोन वर्षं सगळी विज्ञानं शिकायची आणि मग विषय धरायचा. प्रवेश आयएटी या आयसरच्याच प्रवेशपरीक्षेने: तीन तास, ६० प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी यांचे प्रत्येकी १५. गोची इथेच आहे. गणितवाली मुलं अकरावीत बायोलॉजी सोडून देतात आणि ते १५ प्रश्न कोरे ठेवून येतात. भाच्याने विषय सोडला असेल तरी एनसीईआरटीची बायोलॉजीची पुस्तकं घरात असू द्या. दुसरं दार नेस्ट ही प्रवेशपरीक्षा. तिच्यातून भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातलं सीईबीएस, अशा मूलभूत विज्ञानाच्या दोन संस्थांत जाता येतं. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएससी) ही चार वर्षांचा बीएस चालवते.

जेईई मेनही त्याने जरूर द्यावी. फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणिताची तयारी बरीचशी तीच असते आणि भाऊजींचा जीव भांड्यात पडतो. मात्र क्लाससाठी सतरा वर्षांच्या पोराला राजस्थानातल्या कोटा शहरात धाडणं मला पटत नाही. तेच पैसे पुढच्या पाच वर्षांच्या हॉस्टेलसाठी राखून ठेवा.

कुठेच नंबर नाही लागला तर? मग अमरावती किंवा नागपूर. १९०६ साली सुरू झालेली नागपूरची शासकीय विज्ञान संस्था, अमरावतीचं १९२३ चं विदर्भ महाविद्यालय, अशा जुन्या ठिकाणी आधी प्रयोगशाळा बघून यायची. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारायचं की मागच्या महिन्यात कोणता प्रयोग केला. ती एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली तर काय ते समजायचं. तिथून बीएस्सी करून जॅम या एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेने आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. खेड्यातल्या मुलाला हा रस्ता लांबचा वाटतो, पण भाषा आणि आत्मविश्वास सावरायला तीन वर्षं मिळतात, म्हणून मला तो कमी वाटत नाही.

आता पैसा. एमएस्सीपर्यंत पाच वर्षं घरी रुपया येणार नाही, हे भाऊजींना आडपडदा न ठेवता सांगा. पुढे पीएचडीला नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची पाठ्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. बारावीत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आला तर इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० पर्यंत असते. मात्र सरकारी पैसा उशिरा येतो, त्यावर घर चालवायचं गणित मांडू नका. पीएचडी नको असेल तर एमएस्सीनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका करून कॅन्सर रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट होता येतं. हवामान खात्यात जागा निघतात, शिक्षकी आहेच. आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहतेय. गुरुत्वीय लहरी, म्हणजे कृष्णविवरं आदळली की अवकाशात उठणारे तरंग, टिपायला चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ मध्ये मंजूर झालेला २,६०० कोटींचा प्रकल्प. भाऊजींना एकदा तिकडे घेऊन जा. देवदर्शनही होईल.

तुमची खरी मदत इथेच लागणार आहे. डिग्री कोणती हे तुम्ही ठरवू नका. "पाच वर्षं त्याच्या कमाईची वाट बघू नका, कमी पडेल ते मी बघतो," एवढा शब्द ताईसमोर भाऊजींना द्या आणि पाळा. पोराला सारखं "मी पैसे भरतोय" असं ऐकवू नका. बीएस्सीला मेलबर्नला आणणं तर डोक्यातून काढाच. परदेशी विद्यार्थ्याची फी तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्या ओझ्याखाली पोरगं फिजिक्स सोडून पगाराचं शिक्षण शोधायला लागेल. पीएचडीला यायचं असेल तर यावं. अमेरिकेत फिजिक्सच्या पीएचडीला फीमाफी आणि विद्यावेतन बहुधा मिळतं, युरोपात बऱ्याच ठिकाणी पगारी जागा असतात. तेव्हा तो तुमच्या घरी पाहुणा म्हणून येईल.

आणखी एक काम, कागदपत्रांचं, बारावीच्या दिवाळीआधी उरकून घ्या. आयएटीचे फॉर्म साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास निघतात, ऐन बोर्डाच्या धामधुमीत. ओबीसी असाल तर नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं दाखवून भागत नाही. ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल घटकाचं) काढायचं असेल तर कोणत्या आर्थिक वर्षाचं चालेल ते माहितीपत्रकात बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळतंय का, तेही तपासा. सेतू केंद्रात चकरा मारायला वेळ लागतो आणि भाऊजींना पेरणी-वेचणीतून सवड नसते. तेव्हा तारखांची आठवण तुम्ही फोनवरून ठेवा.