आक्काला विचारा : शनिवारी मिस्सा, रविवारी भक्ती

पत्र पहिलं

आक्का, माझं माहेर खानापूर तालुक्यात, आम्ही कॅथलिक. घरात कोंकणी, गावात मराठी, शाळेत कन्नड असं वाढलेय. मिस्टर बेळगावचे, मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांतला एक पंथ), उद्यमबागेत एका फौंड्रीत आहेत. बिशपांची परवानगी घेऊन माझ्या माहेरच्या चर्चमध्ये लग्न झालं. एक रविवार त्यांच्याकडं, एक माझ्याकडं असं ठरलं होतं. पण आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणतात प्रभुभोजनाचा (भाकर-द्राक्षारस घेण्याचा) रविवार चुकवायचा नाही, सणाचा चुकवायचा नाही, तरुण संघाचं काही असलं की तोही नाही. मग माझा रविवार उरतो कुठला? रात्री दोघं मिळून प्रार्थना करतो. प्रभूची प्रार्थना म्हणताना 'वाइटापासून सोडव' झालं की मी आमेन म्हणते आणि हे पुढं म्हणतच राहतात. आधी हसू यायचं, आता टोचतंय. आईनं लग्नात दिलेली मरियेची मूर्ती मी हॉलमध्ये शोकेसवर ठेवली होती. महिला मंडळाच्या बायका येणार म्हणून आत्यांनी ती बेडरूममध्ये नेऊन ठेवली, ती अजून तिथंच आहे. मला सातवा लागलाय. आत्या सगळ्यांना सांगतात, 'त्यांनी आमच्या पोराकडनं लिहून घेतलंय, पोरं कॅथलिक करायची म्हणून.' ह्यांना विचारलं तर म्हणतात, मी सही केल्याचं मला काही आठवत नाही. काय करू?
— एक वाचक, अनगोळ

उत्तर

आधी सहीचं बघू, कारण निम्मी धुसफूस त्या कागदापायी आहे.

तुझ्या सासूबाई खोटं बोलत नाहीत, जुनं बोलतायत. कॅथलिकांच्या १९१७ सालच्या धर्मसंहितेत अशा लग्नाला दोन्ही बाजूंनी हमी द्यावी लागायची. मुलगा मेथडिस्ट असो की आणखी कुठला, मुलं कॅथलिक होतील हे त्यालाही कबूल करावं लागे. त्यांच्या लहानपणी मंडळीत अशा लग्नांवरून जे बोललं जायचं ते डोक्यात बसलंय. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी हा नियम बदलला आणि १९८३ च्या संहितेत तो बदललेलाच राहिला. आता वचन द्यायचं ते फक्त कॅथलिक जोडीदारानं. दुसऱ्याला त्याची नीट कल्पना द्यायची, एवढंच. म्हणजे तुझ्या नवऱ्याला सही आठवत नाही, कारण वचन त्यानं द्यायचंच नव्हतं. ते तू दिलंयस. लग्नाआधी फादरांसमोर बसली होतीस तो दिवस आठव: मुलांचा बाप्तिस्मा आणि वाढ कॅथलिक श्रद्धेत व्हावी म्हणून माझ्याकडून होईल ते सगळं करीन, अशा अर्थाचं ते वचन असतं. 'होईल ते' हेही त्यात आहे आणि 'सगळं' हेही आहे. नवऱ्याला हे नुसतं ऐकवू नकोस. दोघं मिळून फादरांकडं जा आणि त्याच्यासमोर विचार. मग आत्यांना त्यानं सांगायचं, तू नाही.

बाळाच्या बाप्तिस्म्याचं माझं मत सरळ आहे आणि ते वाचून माझ्याच मेथडिस्ट मंडळीतल्या बायका मला बोल लावतील. तू डोळे उघडे ठेवून वचन दिलंस, त्याला ते सांगून त्यानं तुझ्याशी लग्न केलं. बाप्तिस्मा तुमच्या फादरांकडं होऊ दे. ह्यात मेथडिस्टांचं काही बुडत नाही. आपल्याकडंही तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतोच. पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला बाप्तिस्मा दोन्हीकडं एकच धरतात, पुन्हा कोणी देत नाही. उद्या पोर मोठं होऊन मेथडिस्ट चर्चमध्ये उभं राहिलं तरी त्याला कोणी परत पाण्याखाली धरणार नाही.

आणि एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते. धर्मपिता किंवा धर्ममाता कॅथलिकच लागते, पण तिच्याबरोबर साक्षीदार म्हणून बाप्तिस्मा झालेला दुसऱ्या चर्चचा माणूस उभा राहू शकतो. तुझी नणंद किंवा दीर असेल तर आत्ताच विचार. मी तुझ्या जागी असते तर आत्यांनाच विचारलं असतं. बाळाला कुशीत घेऊन वेदीपाशी उभं राहायला मिळालं की 'लिहून घेतलंय'चा जोर आपोआप उतरेल. पास्टरसाहेबांनाही बोलवा. त्यांनी एखादा शास्त्रपाठ वाचायचा किंवा प्रार्थना करायची असेल तर ते फादरांना आधी विचारा, ऐन वेळी नको.

आता रविवार. एक तुझा, एक त्याचा हा हिशेब कागदावर बरा दिसतो. पण हिशेब ठेवला की कोणी तरी थकबाकीदार होतोच, आणि तुमच्या घरी ती तू झालीस. तुझ्या चर्चचा नियम तुला माहीत असेल, पण वापरलेला दिसत नाही. शनिवार संध्याकाळच्या मिस्सेनं, म्हणजे तुमच्या चर्चमधल्या उपासनेनं, रविवारचं कर्तव्य पुरं होतं. शनिवारी संध्याकाळी दोघं मिळून मिस्सेला जा, रविवारी सकाळी दोघं मिळून त्याच्या चर्चला. बेळगावात कुठल्या चर्चमध्ये शनिवारी कुठल्या भाषेत मिस्सा असते ते विचारून घे. कोंकणी मिळाली तर उत्तम, नाही तर मराठी, नाही तर इंग्रजी. त्याची शनिवारची पाळी उशिरा सुटत असेल तर त्या आठवड्यात तू एकटी जाऊन ये. दर आठवड्याला जोडीनं गेलंच पाहिजे असा काही दंडक नाही.

प्रभुभोजनाला मात्र दोघांनी सावध राहायचं. मेथडिस्ट चर्चमध्ये मेज सगळ्यांना मोकळं असतं, त्यामुळं तुला बोलावतील. तुझ्या चर्चच्या नियमानं तुला तिथं घेता येत नाही, आणि त्यालाही एरवी मिस्सेत घेता येत नाही. हे दुखतं. मला स्वतःला ते पटत नाही, पण माझ्या पटण्यावर तुमचा नियम चालत नाही. त्याचं प्रभुभोजन असलं की तू बाकावर बसून राहा, कोणी का विचारलं तर 'मी कॅथलिक आहे' एवढं पुरे. मिस्सेत कम्युनियनच्या, म्हणजे तुमच्या प्रभुभोजनाच्या, वेळी त्यानं छातीवर हात आडवे धरून पुढं जावं, बऱ्याच ठिकाणी फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात.

तुझ्या आमेनचं सांगते. तो जे पुढं म्हणतो, 'कारण राज्य, पराक्रम व गौरव…', ते तुमच्याही मिस्सेत आहे. फादर मध्ये एक छोटी प्रार्थना करतात आणि मग सगळी मंडळी तेच म्हणते. म्हणजे तुम्ही दोघं एकच वाट चालताय, तू मध्ये थोडी थांबतेस. रात्री 'वाइटापासून सोडव' झालं की दोघांनी क्षणभर थांबा, त्या दिवशी ज्यांच्यासाठी मागायचं त्यांची नावं घ्या आणि मग शेवटचं दोघं मिळून म्हणा. फौंड्रीतल्या माणसाचं भाजलेलं बोट, तुझी सोनोग्राफी, आत्यांचं गुडघ्याचं दुखणं, सगळं त्या फटीत बसतं.

तेर्सचं, म्हणजे जपमाळेवरच्या रोजरीच्या प्रार्थनेचं, तू लिहिलं नाहीस, पण ऑक्टोबर आला की निघेलच. ते तू म्हण. त्यानं म्हटलंच पाहिजे असं नाही, पण त्या वेळी टीव्हीचा आवाज त्यानं कमी करायचा, एवढं त्याच्याकडून मी मागते.

वाचायला रूथचं पुस्तक घ्या. चारच अध्याय, तुमच्या ७३ पुस्तकांच्या बायबलातही आहे आणि त्याच्या ६६ पुस्तकांच्या बायबलातही. त्यातलं 'तुझा देव तो माझा देव' आपल्याकडं लग्नपत्रिकेवर छापतात, जणू नवरीनं नवऱ्याला म्हटलंय. रूथनं ते सासूला म्हटलंय. आत्यांना हॉलमध्ये बसवून मोठ्यानं वाचून दाखवा.

मूर्ती परत शोकेसवर न्यायला तू जाऊ नकोस. ते काम तुझ्या नवऱ्याचं. मी मूर्तीपुढं प्रार्थना करणारी नाही, पण सुनेच्या आईनं दिलेली वस्तू पाहुणे येणार म्हणून आत सरकवायची हे मला रुचत नाही. आणि महिला मंडळाची काळजी आत्यांनी करू नये. मीही त्यातलीच. शोकेसवर काय आहे ते आम्ही रस्ताभर बोलतो आणि पुढच्या घरचा चिवडा आला की विसरतो.

पत्र दुसरं

माझं लग्न गेल्या वर्षी झालं. मी निपाणीत एका फेलोशिप चर्चला जातो. तिथं पगारातून दशांश, म्हणजे दहावा भाग, आधी काढून ठेवायला शिकवतात, मी तसाच देतो. वडिलांचं डायलिसिस सुरू झाल्यापासून घरात ओढाताण आहे. बायको म्हणते, आधी वडिलांचं बघा. मी देवाचं आहे ते देवाला देऊ नको का?
— निपाणी

उत्तर

बायबलातल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातलं 'सगळा दशांश भांडारात आणा' हे वचन तुमच्या फेलोशिपच्या भिंतीवर असणार, त्यामुळं ते मी सांगत नाही. मार्कचा सातवा अध्याय उघडा. त्या काळी लोक म्हणायचे, 'आईबापाला जे द्यायचं ते कुर्बान झालंय, देवाला अर्पण झालंय,' आणि आईबाप तसेच राहायचे. येशू त्यांच्यावर चिडलाय, आणि चांगलाच चिडलाय. त्यानंतर बायबलातल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकाचा चौदावा अध्यायही बघा. तिथं दर तिसऱ्या वर्षाचा दशांश आपल्याच गावात ठेवायला सांगितलाय: लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर खावं म्हणून.

तुमची बायको नास्तिक झालेली नाही, ती तुमच्या बापाच्या बाजूनं उभी आहे. अशी सून मिळाली म्हणून तुमच्या वडिलांनीच देवाचे आभार मानायला हवेत. आठवड्यात डायलिसिस किती वेळा, त्याचा खर्च किती, गाडीभाडं किती, हे दोघांनी वहीत मांडा. कुठल्या सरकारी योजनेतून डायलिसिस मिळतं का, हे रुग्णालयात स्पष्ट विचारा, लाजू नका. मग जे उरेल त्यातून दोघांना मान्य असेल ते चर्चला द्या, पन्नास रुपये असले तरी चालतील. आणि फेलोशिपमध्ये पाकिटावर नाव घालून, कोणी किती दिलं हे मोठ्यानं वाचण्याची पद्धत असेल, तर घरातलं आजारपण तिथं सगळ्यांसमोर सांगत बसू नका. पुढाऱ्याला बाजूला घेऊन एकदा सांगा. त्यावर त्यानं शाप-बिप काढला तर दुसरं चर्च बघा. तुमच्या भागात चर्चची काही वानवा नाही.

पत्र तिसरं

आम्ही शहापुरात नव्यानं राहायला आलोय. शेजारच्या काकूंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलंय. जाऊ का? नवरा म्हणतो नको.
— शहापूर

उत्तर

जा की! पौलानं करिंथकरांना लिहिलंय, अविश्वासी माणसानं जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढं वाढलेलं मुकाट्यानं खा. हा देवाला दाखवलेला प्रसाद आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर तेवढं घेऊ नका, असंही तिथंच आहे. तिळगूळ घे, वाण घे. कुंकू लावायचं नसेल तर हॉलमध्ये सगळ्यांसमोर कपाळ मागं घेऊ नकोस. आदल्या दिवशीच काकूंना जाऊन सांग, 'काकू, मला कुंकू नको, नुसतं फूल द्या.' शहापूरच्या काकू ह्यापेक्षा अवघड गोष्टी समजून घेतात. नवऱ्याला म्हणावं, नाताळला त्यांच्या घरी करंज्यांचं ताट तू घेऊन जा.