वाहनविषयक प्रश्नोत्तरे : जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी निवडताना

प्रश्न : आमचे आजोबा जुनी जीप घेऊन सातपुड्यात शिकारीला जात असत. ती गोष्ट आता कायद्याने बंद आहे आणि मला तिची ओढही नाही. मला वेड आहे ते पक्षी पाहण्याचे. नोकरीसाठी चोपड्याहून जळगावला रोज जाऊन-येऊन शंभराच्या आसपास किलोमीटर होतात, सुट्टीत यावल अभयारण्य, पाल, तोरणमाळ या बाजूला जाणे असते आणि पावसाळ्यात शेतापर्यंत पोचावे लागते. जुनी थार, जिप्सी, स्कॉर्पिओ फोर बाय फोर आणि डस्टर यांपैकी कोणती घ्यावी? छतावर सर्चलाइट, पुढे बुलगार्ड आणि मोठे टायर लावलेली तयार गाडी घ्यावी, असा काकांचा आग्रह आहे.
— एक वाचक, चोपडा

उत्तर : तुमच्या गाडीचे बहुतेक आयुष्य डांबरी रस्त्यावरच जाणार आहे, हे आधी मान्य करावे. त्यामुळे मॉडेल जळगावच्या रोजच्या फेरीकडे पाहून ठरवावे आणि त्या मॉडेलमधली नेमकी गाडी जंगलवाटेच्या कसोटीवर पारखावी. गिऱ्हाईक नेमके याच्या उलट करते. ते जंगलाकडे पाहून मॉडेल निवडते आणि प्रत्यक्ष गाडी तपासताना रंग, सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टीम यांवर समाधान मानते.

या निकषावर जिप्सी पहिल्यांदा गळते. ती हलकी आहे आणि अवघड वाटेवर तिला तोड नाही, हे खरे. परंतु चारही चाकांना पाटे (सस्पेन्शनच्या लोखंडी पट्ट्या), पेट्रोलचा खर्च आणि बहुधा बाहेरून बसवलेला एसी हे सारे घेऊन जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो त्या दिवसांत रोज शंभर किलोमीटर काढणे म्हणजे शिक्षाच आहे. २०१० ते २०२० या काळातली जुनी थार, तिच्या सीआरडीई (कॉमन-रेल डिझेल) इंजिनामुळे, रस्त्यावर जिप्सीपेक्षा बरी चालते. पण मागे पाटेच आहेत, बहुतेक गाड्यांचे छप्पर कापडी आहे आणि सुरक्षेची साधने फारच तुटपुंजी आहेत. २०२० साली आलेली नवी थार या सर्व बाबतीत पुष्कळ पुढे आहे. मात्र जानेवारी २०२३ पासून तिची केवळ मागच्या चाकांवर चालणारी आवृत्तीही बाजारात आली आहे. ‘फोर बाय फोर’चे स्टिकर कोणीही चिकटवू शकतो. गिअरच्या शेजारी दुसरा लहान दांडा आहे की नाही, हे स्वतः पाहावे आणि आरसीवरील मॉडेलचे नाव त्याच्याशी ताडून घ्यावे.

डस्टरची ऑल-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती रस्त्यावर या साऱ्यांत सुखद आहे. तिचे मागचे सस्पेन्शन स्वतंत्र असून तिला लो-रेंज (गाडी सावकाश पण जास्त ताकदीने नेणारी गिअरची जोडी) नाही. पहिला गिअर बराच आखूड ठेवून ती उणीव काही अंशी भरून काढलेली आहे. मुरमाड जंगलवाट आणि साधा ओढा यांसाठी ती पुरते, पण टायर धरून बसणाऱ्या चिखलात पुरत नाही. शिवाय २०२२ मध्ये तिचे उत्पादन येथे थांबले, त्यामुळे मागच्या ड्राइव्हचे सुटे भाग लागले तर चोपड्यात किंवा जळगावात हुडकत बसावे लागेल. म्हणून माझा कौल स्कॉर्पिओच्या फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्तीला आहे. तिला लो-रेंज आहे, एसी दमदार आहे आणि तिच्या इंजिनाला हात लावणारा मिस्त्री खानदेशातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी भेटतो. वळणावर ती झुलते, हे मात्र सोसावे लागेल.

आता गाडी पारखण्याविषयी. फोर-व्हील-ड्राइव्हची यंत्रणा वर्षानुवर्षे न वापरल्यानेही बिघडते आणि बेपर्वाईने वापरल्यानेही, म्हणून विकणाऱ्याच्या ‘कधी लावलाच नाही, साहेब’ या वाक्याने हुरळून जाऊ नये. गाडी मोकळ्या, भुसभुशीत जमिनीवर न्यावी, फोर-हाय (नेहमीच्या वेगात चारही चाकांना ताकद) लावावा आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश फिरवावी. पुढची चाके जोडली गेली असतील तर स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळत वळते आणि माती खरवडल्याचे जाणवते. काहीच फरक पडला नाही, तर पुढच्या ड्राइव्हपर्यंत ताकद पोचत नाही असे समजावे. दोष हबमध्ये असेल, मोटरमध्ये असेल किंवा खुद्द ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीत). त्यानंतर फोर-लो, म्हणजे लो-रेंज, लावून एखादा चढ चढावा आणि उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून द्यावा. दांडा किंवा गिअर आपोआप सुटत असेल तर तो सौदा तेथेच सोडावा. मग गाडी पिटवर घेऊन ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअल (वळणावर चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे गिअर) यांतले थोडे तेल काढून बघावे. तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलेले आहे. चकाकणारा चुरा दिसला तर दाते झिजले आहेत. पुढच्या शाफ्टची रबरी आवरणे (बूट) फाटलेली आहेत का, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये ढिलेपणा आहे का, चेसिसला नंतर केलेले वेल्डिंग आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले असावेत. मापात फरक असेल तर फोर-व्हीलमध्ये त्याचा ताण थेट ट्रान्सफर केसवर येतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला की पुरात बुडालेली गाडी बहुधा ओळखू येते, कारण आत राहिलेल्या पट्ट्यावर गढूळ पाण्याची रेघ कोणी धुवायला जात नाही.

शेताच्या बाबतीत एक अपेक्षा आधीच कमी करतो. आपली काळी कपाशीची जमीन पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत घट्ट बसते आणि दहा-वीस फुटांतच टायर गुळगुळीत होऊन जातो. मग चार चाके फिरली काय आणि दोन फिरली काय, गाडी जागीच घसरते. चारही चाकांना ताकद मिळते, पण जमिनीवरची पकड टायरच देतो. रोजच्या प्रवासासाठी ऑल-टेरेन टायर योग्य. मड-टेरेन रस्त्यावर घोंघावतात आणि ओल्या डांबरावर त्यांचा ब्रेक उशिरा लागतो. चिखलात शिरण्यापूर्वी हवा विसेक पीएसआयपर्यंत उतरवावी आणि डांबरी रस्त्यावर आल्याबरोबर पुन्हा भरावी, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवावा. झडीच्या दिवसांत मात्र गाडी बांधावर ठेवून पायी जाणे हाच उपाय आहे.

काकांच्या यादीवर मी सरळ काट मारतो. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय परिवहन मंत्रालयाने बुलगार्डविरुद्ध कारवाईचे निर्देश राज्यांना दिले. शिवाय बुलगार्डमुळे एअरबॅग उघडण्यात अडथळा येऊ शकतो. मूळ मापाहून मोठे टायर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कचाट्यात येतात. सर्चलाइट तर शिकारीचा संशय ओढवून तुमच्या छंदाच्याच मुळावर येईल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणे नव्हे. प्राण्याचा पाठलाग करणे, हाका घालणे, आमिष दाखवणे हेही तीत येते आणि अशा गुन्ह्यात वापरलेली गाडी सरकारजमा होऊ शकते. तेव्हा डोंगरपट्ट्यातली ‘तयार’ गाडी घेताना तिच्यावर वनगुन्ह्याची नोंद नाही ना, हे परिवहनच्या संकेतस्थळावर आणि गरज पडल्यास वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे. जो रानपिंगळा (घुबडाची एक दुर्मीळ जात) १८८४ नंतर शतकभर कोणाला खात्रीने सापडला नव्हता, तो १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा दिसला. त्याला पाहायला प्रखर दिवा लागत नाही, कारण तो दिवसाही वावरतो.

प्रश्न : दिल्लीकडची नऊ वर्षे वापरलेली डिझेल फोर बाय फोर येथल्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे. घ्यावी का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंध येत गेले, त्यामुळे तिकडचे मालक दहा वर्षे पुरी होण्याआधी गाड्या काढून टाकत आले आहेत; स्वस्ताईचे कारण तेवढेच असेल तर हरकत नाही. मात्र तिकडच्या आरटीओची एनओसी, कर्ज असल्यास बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला, फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाच्या सह्या आणि महाराष्ट्रात नव्याने भरावा लागणारा रोड टॅक्स, एवढे जमेस धरूनच हिशेब करावा. एनओसीवर नंदुरबारचेच नाव हवे. ‘गाडी आधी घेऊन जा, कागद मागाहून येतील’ असे म्हणणाऱ्या दलालाला इसारही देऊ नये.

प्रश्न : महामार्गावर जास्त पकड मिळावी म्हणून फोर-हाय कायम लावून ठेवला तर चालेल का?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : थार, जिप्सी, स्कॉर्पिओ अशा गाड्यांत चालणार नाही. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला काटतात. या गाड्यांत तो फरक सामावून घेणारे मधले डिफरन्शिअल नसते, म्हणून कोरड्या डांबरावर सारा ताण शाफ्ट आणि गिअरांवर साचतो, टायर झिजतात आणि दांडा पुन्हा टू-व्हीलवर आणता येत नाही. असे अडकल्यास दांड्याला हिसके देऊ नयेत. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी, म्हणजे ताण सुटतो. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर फोर-हाय लावून चालवावे, म्हणजे आतले तेल सगळीकडे फिरते आणि सील सुकत नाहीत.