सतरंजी कुणाची?

"माई, बाबांना जाऊन वर्ष होतंय. वर्षश्राद्ध पैठणला, गंगेवर करायचं ठरलंय. लहानपणी दर नाथषष्ठीला आम्ही पाच जण घाटाजवळच्या एका जुन्या लॉजवर उतरायचो. मी आठ वर्षांची, दादा अकराचा, धाकटी मांडीवरची. लोखंडी खाटा, तांब्याचा बंब, खिडकीतून दिसणारी गंगा, बाबांनी सांगितलेली नाथांच्या कावडीची गोष्ट, सकाळी धरणावर जाऊन मोजलेले 27 दरवाजे... सगळं डोळ्यांसमोर आहे. खोली एकच, त्यामुळे दादा बाहेर व्हरांड्यात सामानापाशी झोपायचा. 2006च्या पुरानंतर आमचं जाणं सुटलं. लॉज अजून आहे. मी फोन केला, दोन खोल्या मिळतायत. पण दादानं मला न विचारता 50 किलोमीटर लांब, संभाजीनगरात एसी हॉटेल धरलंय. म्हणतो, 'तिथं झोप होत नाही.' चार पैसे आले आणि माणूस बदलला. त्याला कसं समजावू?" (एक बहीण, परभणी)

बाई गं, तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना बंब न् खिडकी मागं पडली आणि एकच वाक्य समोर उरलं. 'खोली एकच, त्यामुळे दादा बाहेर.' केवढं सोपं करून टाकलंस! चौघं मावत होते त्या खोलीत, पाचवा मावला नसता? आणि पाचवा दर वर्षी तोच कसा?

नाथषष्ठी मी पाहिलेली आहे. षष्ठी, सप्तमी, मग अष्टमीचा काला. तेवढे दिवस पैठण झोपत नाही. रात्री-अपरात्री दिंड्या येतात, टाळ वाजत असतात. व्हरांड्यातून माणसं वाट काढत जातात आणि कुणाचा तरी धुळीनं भरलेला पाय तुमच्या पोटरीवर पडतो. काठावरचे डास वेगळेच. पहाटे गंगेवरून वारं सुटलं की एका चादरीत काही भागत नाही. अशात अकरा वर्षांचं लेकरू ट्रंकेच्या कडीत बोटं अडकवून पडलेलं. ट्रंक गेली असती तर बोलणी कुणी खाल्ली असती?

तो म्हणतोय, 'तिथं झोप होत नाही.' तू ऐकलंस, 'मला एसी लागतो.' एसीचं नाव त्यानं काढलेलंच नाही, ते तुझं आहे. पैशाचंही तुझंच.

आणि ती कावडीची गोष्ट. काशीहून रामेश्वराला नेत असलेलं पाणी नाथांनी वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. तुम्ही ती खाटेवर बसून ऐकलीत. दाराबाहेर दादालाही ऐकू जात असणार.

तुझ्या बाबांनाही मी सोडत नाही. वर्षश्राद्धाच्या तोंडावर गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. लिहिलं. थोरल्याला बाहेर ठेवायचं, तोही बिचारा कुरकुर करत नाही, मग त्याला समजूतदार म्हणायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. (मीही घरातली थोरली. आवाज चढला असेल तर त्याचं कारण तेच.)

त्याला काही समजावू नकोस. आज रात्री जेवणं झाल्यावर फोन लाव. हॉटेलचा विषय नको, आठवणींचा तर मुळीच नको. एवढंच विचार, "दादा, व्हरांड्यात थंडी वाजायची का रे?" आणि गप्प बस. तो "काही नाही गं, सोड" म्हणेल. तरी गप्पच बस. तुला गप्प बसणं जड जाईल, हे तुझ्या चार पानी पत्रावरून दिसतंच आहे, पण बस.

मग त्यानं धरलेल्या हॉटेलात मुकाट्यानं राहायला जा. विधीसाठी पहाटे निघावं लागेल, निघा. लॉजच्या खोल्या उद्याच सोडून दे.

पैठणहून परतताना तोच आपणहून म्हणाला, "चल, एक रात्र राहू तिथं," तर गोष्ट वेगळी. मग खिडकीजवळची खाट त्याची. सतरंजी तू घरून ने, जाडशी बघून.